अत्तर लावताना तुला कुणी विचारलं नाही म्हणून

प्रिय सई,

डिसेंबरमध्ये पुण्याला मामाच्या लग्नात काकू अत्तरदाणी घेऊन आली आणि तू हात मागे घेतलास. नंतर गाडीत विचारलंस, आई, हे लोक न विचारता कुणाच्याही हाताला वास कसा लावतात, मला सगळ्यांसारखा वास नको असेल तर? मी तेव्हा "अगं प्रथा असते" असं काहीतरी म्हणून विषय संपवला. खरं सांगते, तुझं ते बोलणं मला लागलं होतं. इथे मेलबर्नला परत आल्यावरही डोक्यातून गेलं नाही, आणि शनिवारी त्या परफ्यूमच्या दुकानात तर फारच वर आलं, म्हणून लिहितेय. समोरासमोर बोलायला गेले की मी समजवायला लागते आणि तू मोबाईल उचलतेस.

आमच्या साताऱ्याच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे घरभर वासच वास. कैरीची डाळ, पन्ह्यातली वेलची, मोगऱ्याचे गजरे आणि या सगळ्यावर हिना. अत्तर लावायचं काम माझ्याकडे, मी नऊ वर्षांची असेन. चांदीच्या अत्तरदाणीत छोटी काडी असायची, ती बुडवायची, कडेला निथळायची आणि समोरच्या बाईच्या पालथ्या हातावर हलकेच ओढायची. मागून मावशी गुलाबदाणी शिंपडत यायची. बायका हात नाकाशी न्यायच्या, मग पदराला पुसायच्या. हिना पहिल्यांदा नाकात जातो तेव्हा उग्र वाटतो, पण रात्री झोपताना हाताला जो राहिलेला असतो ना तो खूप मऊ असतो, आणि तो वास त्या रात्री अख्ख्या आळीच्या हाताला असायचा. सिग्नेचर, म्हणजे प्रत्येकीचा ओळखीचा वेगळा वास वगैरे, कल्पनाच नव्हती. उलट सगळ्यांना एकच वास येतोय यातच मजा होती, निदान मला तरी तसं वाटायचं.

पण तुझ्या प्रश्नामुळे मला माईआत्या आठवली. आजोबांची बहीण, भिंतीवरच्या फोटोत कडेला उभी आहे ती. फार लवकर नवरा गेला आणि ती आमच्याकडेच राहिली. त्या दिवशी पहाटेपासून कैऱ्या किसायची तीच, डाळ वाटायची तीच, पन्ह्यात गूळ किती हेही तिलाच विचारायचे, पण बायका यायला लागल्या की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. हळदीकुंकू सवाष्णींचं, एवढं एक वाक्य पुरायचं, तेही कुणी मोठ्याने म्हणायचं नाही. एकदा मी अत्तरदाणी घेऊन आत पळाले आणि म्हटलं, माईआत्या हात कर. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "मला नको गं, मला माझा वाळा आहे." आणि मी बाहेर परत गेले, दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला खरंच नको होतं की घ्यायचं नसतं म्हणून नको होतं, मला आजही माहीत नाही.

तूही तसाच हात मागे घेतलास. पण तुझ्यावर काकू थोडी हिरमुसली, बाकी काही झालं नाही, आणि ते बरंच झालं.

वाळा म्हणजे खस, एक गवत. त्याला वास असतो तो मुळांना. उन्हाळ्यात आम्ही माठात वाळ्याची जुडी टाकायचो, खिडकीला वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपडायचे. माईआत्याच्या ट्रंकेत नऊवारींच्या घड्यांमध्ये ती मुळं असायची, त्यामुळे तिच्या जवळ बसलं की ओली माती आणि लाकूड असा गार वास यायचा. उत्तर प्रदेशात अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजला हीच मुळं तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकळून त्यांचं अत्तर काढतात, ते फार महाग असतं. तिच्याकडे नुसती मुळंच होती. आमच्या अख्ख्या घरात स्वतःचा असा एकच वास असलेली ती एकटी बाई होती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

आता शनिवारचं. तू कागदाच्या पट्ट्या हुंगत होतीस, पहिल्या दोन लगेच बाजूला ठेवल्यास, आणि तिसरी माझ्या नाकाशी धरलीस. मी गप्प झाले. तू म्हणालीस, नाही आवडला का? काउंटरवरची मुलगी सांगत होती, यात व्हेटिव्हर आहे, तो मागाहून येतो आणि खूप वेळ टिकतो. व्हेटिव्हर म्हणजेच वाळा गं, तो शब्द मूळचा तमिळ, वेट्टिवेर. तू बायोलॉजीत शिकलीच असशील, वासाची वाट मेंदूत आठवणींच्या जागेला फार जवळून जाते. मला ते नेमकं समजावता येणार नाही, पण मी त्या एसीच्या दुकानात उभी असताना माझ्यासमोर ट्रंकेचं झाकण उघडलं होतं एवढं खरं.

म्हणून तोच घे असं मी म्हणत नाहीये. दुकानात बोलले नाही तेही याचसाठी, मी सांगितलं असतं तर तो तुझा राहिला नसता. पट्टीवरून ठरवूही नकोस, मनगटाला लाव, दिवसभर राहू दे, संध्याकाळी बघ, प्रत्येकाच्या अंगावर तो थोडा वेगळा येतो. आणि पुढच्या वेळी काकूला मी आधीच सांगेन, सईला विचारून लाव.

ती तिसरी पट्टी माझ्या कोटाच्या खिशात आलीय. अजून वास येतोय. तुला हवी आहे का? नको असेल तर मी साड्यांमध्ये ठेवते.

आई