ऑटोकॅडमध्ये डायमेन्शनचे (ड्रॉइंगवर माप दाखवणाऱ्या रेघ-बाणांचे) आकडे दिसत नाहीत, टेक्स्ट हाइट वाढवली तर बाण लहान राहतात आणि जुनी डायमेन्शन्स बदलतच नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलं आहे की घराचा प्लॅन मिलीमीटरमध्ये काढलाय, प्लॅन १:१०० आणि टॉयलेटचा डिटेल १:५० ला प्रिंट करायचाय, आणि काही डायमेन्शन्स दुसऱ्या फाइलमधून कॉपी केली आहेत. तुमच्या बहुतेक अडचणींची सुरुवात एकाच जागी आहे, ती म्हणजे टेक्स्ट हाइटच्या रकान्यात २५० टाकणं. तिथे कागदावर जेवढी उंची हवी तेवढीच टाकायची, म्हणजे २.५. मोठं करण्याचं काम दुसऱ्या एकाच आकड्यावर सोडायचं.

कमांड लाइनवर 'डी' टाइप करून एंटर मारा, डायमेन्शन स्टाइल मॅनेजर उघडेल; डायमेन्शनचं रूप ठरवणाऱ्या सेटिंग्जचे संच, म्हणजे स्टाइल्स, इथे असतात. आयएसओ-२५ ही मूळ स्टाइल जशी आहे तशी ठेवा. न्यू दाबून तिच्यावरून नवीन स्टाइल बनवा आणि 'प्लॅन-१००' असं काही ओळखू येणारं नाव द्या. आयएसओ-२५ मध्ये आकड्याची उंची २.५, बाण २.५, एक्स्टेन्शन लाइन (मोजलेल्या बिंदूपासून निघणारी रेघ) डायमेन्शन लाइनच्या पुढे १.२५ आणि मूळ बिंदूपासून अंतर ०.६२५ असतं. ही सगळी कागदावरची मापं आहेत, त्यांचं आपसातलं प्रमाणही चांगलं आहे. आता फिट टॅबमध्ये 'यूझ ओव्हरऑल स्केल ऑफ' समोर १०० टाका. आकडे, बाण, गॅप, सगळं एकदम शंभरपट होतं आणि १:१०० च्या प्रिंटवर आकडा बरोबर २.५ मिलीमीटर येतो. नुसती टेक्स्ट हाइट २५० केली की बाण २.५ वरच राहतात, तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. कोणी ड्रॉइंग मीटरमध्ये काढलं असेल तर १:१०० साठी हाच आकडा ०.१ होतो.

हे करूनही आकडा हलला नाही तर टेक्स्ट स्टाइल तपासा. 'एसटी' एंटर करा आणि डायमेन्शनला जी टेक्स्ट स्टाइल लावली आहे तिची हाइट बघा. तिथे ० सोडून काहीही असेल तर डायमेन्शन स्टाइलमधली टेक्स्ट हाइट निकामी होते. ० करा, प्रश्न मिटतो. दुसऱ्याच्या फाइलवर काम करताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

एकाच फाइलमध्ये दोन स्केल असल्यामुळे तुम्ही अ‍ॅनोटेटिव्ह स्टाइल, म्हणजे निवडलेल्या स्केलप्रमाणे आपोआप लहान-मोठी होणारी स्टाइल, वापरावी असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन स्टाइल करतानाच 'अ‍ॅनोटेटिव्ह'वर टिक करा, मग ओव्हरऑल स्केलचा रकाना आपोआप बंद होतो. डायमेन्शन देण्याआधी स्टेटस बारवर अ‍ॅनोटेशन स्केल निवडायचा: प्लॅनसाठी १:१००, डिटेलसाठी १:५०. लेआउटमधल्या (प्रिंटच्या पानावरच्या) व्ह्यूपोर्टचा, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीचा, स्केल नेमका तोच हवा आणि व्ह्यूपोर्ट लॉक हवा. चाकाने चुकून झूम झालं की प्रिंटचा स्केल बिघडतो, आणि अ‍ॅनोटेशन स्केल बदलला गेला की त्या व्ह्यूपोर्टमधून डायमेन्शन्स गायब होतात. लोक मग लेअर शोधत बसतात. सगळी शीट एकाच स्केलची असेल तर मात्र अ‍ॅनोटेटिव्हची गरज नाही, वरचा १०० पुरतो.

आता न बदलणारी जुनी डायमेन्शन्स. त्यांच्यावर ओव्हरराइड बसलेले असतात, म्हणजे कोणीतरी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या एकेका डायमेन्शनची उंची किंवा बाण बदललेला असतो, आणि तो बदल स्टाइलला जुमानत नाही. आधी मॅनेजरमध्ये आपली स्टाइल सेट करंट करा. तिच्याखाली 'स्टाइल ओव्हरराइड्स' अशी ओळ दिसत असेल तर ती काढून टाका, नाहीतर तीच सगळीकडे पसरेल. मग अ‍ॅनोटेट टॅबमधल्या डायमेन्शन पॅनेलवरचं अपडेट दाबून जुनी डायमेन्शन्स निवडा. कॉपी-पेस्टबद्दल एक लक्षात ठेवा: दोन्ही फाइलींत एकाच नावाची स्टाइल असेल तर ज्या फाइलमध्ये पेस्ट करता तिची व्याख्या लागू होते. म्हणून पेस्ट केल्यावर रूप बदलतं. अपडेट करूनही काही फरक नसेल तर 'लिस्ट' कमांड देऊन बघा. एमटेक्स्ट आणि लाइन असं आलं तर ते डायमेन्शन एक्सप्लोड झालेलं, म्हणजे सुट्या रेघा आणि अक्षरांत फुटलेलं आहे. ते पुसून नव्याने देण्याशिवाय इलाज नाही.

भिंतीच्या मापांची गर्दी हा वेगळा विषय, आणि तिथे स्टाइलचा दोष नसतो. २३० ची भिंत १:१०० ला कागदावर फक्त २.३ मिलीमीटर भरते. २.५ उंचीच्या तीन आकड्यांनाच जवळपास ६ मिलीमीटर लागतात. आकडा आत मावणारच नाही, १:५० लाही नाही. फिट टॅबमध्ये टेक्स्ट प्लेसमेंट 'ओव्हर डायमेन्शन लाइन, विदाउट लीडर' करा आणि ग्रिप (निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) धरून आकडा मोकळ्या जागी सरकवा. बाणांऐवजी आर्किटेक्चरल टिक (छोटी तिरकी रेघ) घेतली तर अशा जागी बरंच स्वच्छ दिसतं. पण मग त्रिज्येच्या मापालाही टिक लागते. त्यासाठी न्यू दाबून 'यूझ फॉर'मध्ये रेडियस निवडा आणि त्या उपस्टाइलला बाण द्या. एक्स्टेन्शन लाइन्स खोल्यांतून आरपार जात असतील तर लाइन्स टॅबमध्ये 'फिक्स्ड लेंथ' चालू करून ८ द्या. हेही कागदावरचंच माप.

प्रायमरी युनिट्समध्ये प्रिसिजन ० आणि डेसिमल सेपरेटर पूर्णविराम ठेवा, कारण आयएसओ-२५ मध्ये स्वल्पविराम असतो. राउंड ऑफला मात्र कृपया हात लावू नका. तिथे ५ किंवा १० टाकलं की ड्रॉइंगमधली चूक झाकली जाते, सुट्या मापांची बेरीज एकूण मापाशी जुळत नाही आणि साइटवर गवंडी कुठलं तरी एक माप धरून भिंत उभी करतो. बेरीज जुळत नसेल तर प्रिसिजन तात्पुरतं तीन दशांश करा. ३००० च्या जागी ३०००.४ दिसलं की लाइनचीच लांबी दुरुस्त करा. आकड्यावर डबल क्लिक करून हाताने ३००० लिहिलंत तर पुढे भिंत सरकवली तरी आकडा तसाच राहील. असं कोणी आधीच लिहून ठेवलं असेल तर प्रॉपर्टीजमधला 'टेक्स्ट ओव्हरराइड' रकाना रिकामा करा, खरं माप परत येतं.

कंत्राटदाराला फूट-इंच हवे असतील तर ड्रॉइंग स्केल करू नका. अल्टरनेट युनिट्स टॅब चालू करा, फॉरमॅट आर्किटेक्चरल, गुणक ०.०३९३७, प्रिसिजन अर्धा इंच. ३०५० खाली १० फूट येईल. प्लेसमेंट 'बिलो प्रायमरी व्हॅल्यू' ठेवा, नाहीतर आकडे लांबून पुन्हा एकमेकांवर चढतील.