नियामक डीएनए: नियमन नेमकं करतं कोण?

प्रश्न असा आला आहे: 'सस्तन प्राण्यांत नियामक डीएनएच्या उत्क्रांतीचा जनुक-अभिव्यक्तीवर प्रभाव पडतो' हे वाक्य वाचलं. अभिव्यक्ती कवीची असते, जनुकाची कशी? आणि 'नियामक' बरोबर की 'नियंत्रक'?

अभिव्यक्तीला माझी हरकत नाही. 'वि + अञ्ज्' म्हणजे उघड करणं. व्यक्त आणि व्यंजनही त्यातलेच. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. यकृताच्या पेशीत त्यांतल्या काहींच्या आरएनए प्रती निघतात, त्यांवरून प्रथिनं बनतात; बाकीची गप्प. जे दडलेलं होतं ते उघड झालं, म्हणजे व्यक्त झालं. 'आविष्कार' मला जास्त आवडला असता, पण हिंदीत त्याचा अर्थ 'नवा शोध' असा होतो आणि वाचक तिकडे घसरतो. खटकतो तो नामांचा ढीग. 'हे जनुक यकृतात अभिव्यक्ती दर्शवते' असं कशाला? 'यकृतात व्यक्त होतं' म्हणा की.

खरा घोळ 'नियामक'मध्ये आहे. लेखक लिहितो, गायक गातो, तसा नियामक नियमन करतो. हा 'अक' कर्ता दाखवतो. पण नियामक म्हटला जाणारा डीएनएचा तुकडा स्वतः काहीच करत नाही. त्यावर ठरावीक प्रथिनं येऊन बसतात, आणि ती बसली की जनुक चालू किंवा बंद होतं. करणारी ती; तुकडा ही नुसती बसायची जागा. झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१मध्ये जिवाणूंबाबत हा भेद स्वच्छ मांडला होता: दाबून ठेवणारा रेणू बनवणारं जनुक वेगळं, तो रेणू जिथे चिकटतो ती जागा वेगळी. मराठीत दोन्हींना 'नियामक' म्हटलं जातं. 'नियंत्रक' म्हणूनही सुटका नाही, तोही कर्ताच. मी 'नियमनस्थान' लिहितो. (जनुकाच्या तोंडाशी असलेल्या स्थानाला 'प्रवर्तक' आणि दूरून त्याचं काम वाढवणाऱ्या स्थानाला 'वर्धक' म्हणतात; त्यांतही हाच दोष आहे, पण ते आता रुळलेत, त्यांच्याशी भांडत नाही.)

हा कीस काढायचं कारण व्याकरण नाही. जागा आणि करणारा यांतला फरक कळला नाही, तर वाक्यातल्या 'उत्क्रांती'चा अर्थच लागत नाही. सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक घ्या. ते हातापायांच्या घडणीत लागतं, तसंच मेंदूच्याही. जनुकच बिघडलं तर सगळीकडे अनर्थ. पण हातापायांपुरतं त्याचं एक नियमनस्थान आहे, माणसात जनुकापासून जवळपास १० लाख अक्षरं (म्हणजे डीएनएच्या साखळीतले एकेक दुवे) लांब, तेही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात. तिथलं एखादं अक्षर बदललं की माणसाला किंवा मांजराला जादा बोटं येतात. उंदरातून ते स्थानच काढून टाकलं तर पाय खुंटतात, बाकी देह शाबूत. सापांत या स्थानातली १७ अक्षरं गळाली आहेत. २०१६मध्ये उंदराचं स्थान काढून त्या जागी सापाचं बसवलं, तेव्हा उंदरांचे पाय अगदी आखूड राहिले. ती १७ अक्षरं परत घातल्यावर पाय नीट आले. म्हणजे प्रथिनाला हात न लावता, नुसती त्याची बसायची जागा बदलून, उत्क्रांतीला शरीराचा एकच भाग बदलता येतो.

शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९७५मध्ये हेच सुचवलं होतं: माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं इतकी सारखी आहेत की त्यांच्यातला फरक प्रथिनांनी उलगडत नाही, तो मुख्यतः नियमनात शोधायला हवा. पुढे २०१५मध्ये २० सस्तन प्रजातींची यकृतं ताडून पाहिली, तेव्हा जनुकाच्या तोंडाशी असलेले प्रवर्तक बरेचसे टिकून राहिलेले दिसले, दूरचे वर्धक मात्र भराभर बदललेले.

राहिला 'प्रभाव'. आनुवंशिकीत 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द जनुकांच्या जोडीतल्या वरचढपणासाठी ठरलेले आहेत, तेव्हा इथे तो टाळलेला बरा. मी ते वाक्य असं लिहीन: 'सस्तन प्राण्यांत कोणतं जनुक कुठे, केव्हा आणि किती व्यक्त होईल, हे उत्क्रांतीच्या ओघात त्याची नियमनस्थानं बदलल्याने बदलत गेलं.' लांबलं खरं, पण यात कोण काय करतं ते कळतं.