झाकलेलं ताट

प्रश्न : वय ३९, राहणार सिंहगड रोड. दर रविवारी सदाशिव पेठेत तैत्तिरीय उपनिषदाच्या वर्गाला जातो. गेल्या वर्षी मरकळला दहा दिवसांचं विपश्यना शिबिरही केलं. फेब्रुवारीत एकदा घरी ध्यानाला बसलो असताना वीसेक मिनिटं असा आनंद झाला की सांगता येत नाही. पुन्हा तो आला नाही. आता रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ दार लावून बसतो (आई ताट झाकून ठेवते, त्यामुळे जेवणाची अडचण नाही). हाती लागतं ते नुसतं रिकामपण. वर्गात सांगतात, ब्रह्म आनंदरूप आहे. बौद्ध म्हणतात, सगळं शून्य. मग ती वीस मिनिटं खरी की हे रिकामपण? कोणता मार्ग सोडू?
— एक साधक

उत्तर : साधकमहाराज, तुमच्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही कंसात टाकलंय. आई ताट झाकून ठेवते.

साडेनऊला झाकण काढता तेव्हा वरणावर साय धरलेली असते, पोळीच्या कडा वातड झालेल्या असतात, झाकणाला सुटलेलं पाणी कोशिंबिरीत गळलेलं असतं. आई जेवली की थांबली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा पाहिलेलंच नसावं.

आता शास्त्र. तैत्तिरीयात भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, पुन्हा पुन्हा जातो. ब्रह्म म्हणजे अन्न, मग प्राण, मग मन, मग विज्ञान (म्हणजे बुद्धी), आणि पाचव्या खेपेला आनंद. तुमचा वर्ग इथवर आला असेल तर एक पान उलटा. आनंद सापडल्यावर पुढचाच खंड असा सुरू होतो : ‘अन्नं न निन्द्यात्’, अन्नाला नावं ठेवू नये. त्यानंतर अन्न अव्हेरू नये, अन्न भरपूर करावं, आणि दारी वस्तीला आलेल्या कुणालाही नाही म्हणू नये. भृगूला आनंद कळला आणि उपनिषद थेट स्वयंपाकघरात शिरलं.

त्याच उपनिषदात आनंदमय कोशाला, म्हणजे आत्म्यावरच्या पाच आवरणांतल्या सगळ्यात आतल्या आवरणाला, पक्ष्याचं रूप दिलंय. डोकं ‘प्रिय’, एक पंख ‘मोद’, दुसरा ‘प्रमोद’. यातलं ‘प्रिय’ म्हणजे काय? शंकराचार्य भाष्यात सांगतात : आवडता मुलगा वगैरे नजरेस पडल्यावर होतो तो आनंद. तुमच्या आईच्या नजरेस रोज दोन तास बंद दार पडतं. आणि एवढं करून आचार्य या आनंदमयालाही कोशच म्हणतात, ब्रह्म म्हणत नाहीत. तुमची वीस मिनिटं खरी होती. ताप चढतो आणि उतरतो, तितकी खरी.

बिघडलं ते त्यानंतर. वेदान्तसार या ग्रंथात समाधीची चार विघ्नं सांगितली आहेत : लय (मन गुंगणं), विक्षेप (भरकटणं), कषाय (जुन्या वासनांनी ताठरणं) आणि रसास्वाद (मिळालेलं सुख चाखत बसणं). तुम्ही चौथ्यात अडकलात आणि तिथून घसरून पहिल्यात पडलात. आज बसलात की मन श्वासाकडे बघत नाही, ‘फेब्रुवारी’ आला का ते बघतं. दिवसभराचं ऑफिस, पोटात भूक आणि वर ही वाट पाहणं. अर्ध्या तासात मन थकतं, मंद होतं. त्या गुंगीला तुम्ही शून्यता म्हणताय. तपासून बघा : उठल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत काय काय झालं ते सांगता येतं का? येत नसेल तर ती गुंगीच. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी दोन्हींवर उपाय सांगितलाय : लयात गेलेल्या चित्ताला जागं करावं आणि तिथलं सुख चाखत बसू नये. (हे रिकामपण दिवसाही पाठ सोडत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ग्रंथ मिटा आणि डॉक्टरांना दाखवा.)

शून्यता ही जाणवायची गोष्टच नाही. बौद्ध आचार्य नागार्जुन म्हणतो, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजेच शून्यता : कोणतीही वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने आहे, एकटी, स्वतःच्या बळावर नाही. चुकीची धरलेली शून्यता चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखी उलटते, असंही तोच बजावतो. आणि चूळसुञ्ञत सुत्तात, म्हणजे शून्यतेवरच्या छोट्या प्रवचनात, बुद्ध आपला शिष्य आनंद याला काय दाखवतात? ते राहत होते तो मिगारमातेचा प्रासाद हत्ती, गाई, घोडे, सोनंनाणं यांनी शून्य आहे. भिक्षुसंघाने मात्र शून्य नाही. जे नाही ते नाही म्हणून बघायचं, जे उरलंय ते ‘आहे’ म्हणून जाणायचं. तुमच्या खोलीत टीव्ही नाही, फोन नाही, ऑफिस नाही. दाराच्या फटीतून फोडणीचा वास येतो, ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज येतो. तो का मोजत नाही?

राहिला ब्रह्म की शून्य हा वाद. दोन्हींची खिचडी करू नका. वेदान्ताला शेवटी आत्मा उरतो, नागार्जुन तोही उरू देत नाही. पण बौद्धांकडे सुख नाही, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? निर्वाण सुख आहे, असं बुद्धांचे शिष्य सारिपुत्त म्हणाले, तेव्हा उदायी या भिक्षूने विचारलं, जिथे काही अनुभवालाच येत नाही तिथे सुख कसलं? सारिपुत्त म्हणाले, तेच तर सुख.

मार्ग कुठलाच सोडू नका. संध्याकाळची बैठक सोडा. पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी चाळीस मिनिटं बसा, घड्याळ लावून, आणि घंटा झाली की उठा, अगदी गोड लागत असलं तरी. संध्याकाळी आठ वाजता दार उघडं आणि तुम्ही जेवायला हजर. आजपासून.

आणि आई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते : ताट झाकणं बंद करा. इतके महिने दारावर एक थाप मारली नाहीत, या सोशिकपणाचं मला कौतुक नाही. आठ वाजले की हाक मारा. नाही आला तर आपण जेवून घ्या आणि भांडी घासायला टाका.

पहिल्या दिवशी काय बोलावं ते सुचणार नाही. कोशिंबीर मागा.