दत्तक घेतलेली घोडी परत द्यावी लागेल का?

प्रश्न (थोडक्यात): वरातीत नाचवल्या जाणाऱ्या एका घोडीची डिसेंबर 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर पोलिसांनी सुटका केली. एका प्राणिमित्र संस्थेनं ती सांभाळली. फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही ती 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दत्तक घेतली आणि पौडजवळच्या आमच्या प्लॉटवर आणली. उपचारांवर भरपूर खर्च केला. मे 2025 मध्ये दोषारोपपत्र दाखल झाल्याचं संस्था सांगते. आता मालकानं शिवाजीनगर कोर्टात घोडी परत मागितली आहे. घोडी आमचीच ना? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: नाही, अजून तरी नाही. ती संस्थेचीही नाही. कागदोपत्री ती खटल्यातला मुद्देमाल आहे आणि ज्याच्यावर खटला चालू आहे, तोच आजही तिचा मालक आहे.

कधी कुत्रा, कधी बैल, या वेळी घोडी. प्राणी बदलतो, पत्र तेच असतं आणि त्यात ‘नोटरी केली आहे’ हे वाक्यही ठरलेलं असतं. सही करणारा माणूस समोर आला आणि त्यानं सही केली, नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो. संस्थेकडे मालकी होती का, हे तो विचारत नाही. संस्थेकडे होता फक्त ताबा, आणि जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या करारनाम्याच्या दुसऱ्या पानावर खालून तिसरी ओळ वाचा: ‘सदर दत्तक मा. न्यायालयाच्या अंतिम आदेशास अधीन राहील.’ अक्षर बारीक आहे, पण ओळ मराठीत आहे. सही करण्याआधी ती वाचली असतीत तर आधी एफआयआरची प्रत मागितली असतीत.

असो. आता सगळं एका तारखेवर येऊन थांबलं आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 याचं कलम 36 म्हणतं की, या कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर दाखल करता येत नाही. जप्ती डिसेंबरमधली, दोषारोपपत्र मेमधलं. गुन्हा डिसेंबरमध्येच नोंदवला होता, म्हणजे खटला वेळेत सुरू झाला, असं सरकारी वकील म्हणतील. दोषारोपपत्र कोर्टाच्या टेबलावर येतं तेव्हा खटला दाखल होतो, असं आरोपीचा वकील म्हणेल. कलमाचे शब्द मला आरोपीच्या बाजूला झुकलेले दिसतात. त्यात भर म्हणजे मारहाण करणं, जखमी जनावर कामाला लावणं हे कलम 11 मधले प्रकार अदखलपात्र आहेत. तपासाआधी पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली नसेल, तर आरोपीच्या हाती आणखी एक मुद्दा आला.

मुदतीच्या मुद्द्यावर खटलाच पडला, तर घोडीचं काय? खटल्यातल्या जनावरांच्या देखभालीचे 2017 चे केंद्रीय नियम आहेत. त्यातला नियम 8 सांगतो की, आरोपी दोषी ठरला किंवा त्यानं गुन्हा कबूल केला, तर त्याची मालकी जाते आणि जनावर ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिला मिळतं, पुढे दत्तक देण्यासाठी. दत्तक हा शब्द कायद्यात येतो तो इथे, निकालानंतर. तुमच्या संस्थेनं तो फेब्रुवारीतच वापरून टाकला. आरोपी सर्व आरोपांतून निर्दोष ठरला, तर जनावर मालकाला परत. मुदत संपल्यामुळे बंद पडलेला खटला म्हणजे ‘निर्दोष ठरणं’ का, यावर युक्तिवादाला जागा आहे. त्या जागेवर मी फार वजन टाकणार नाही.

इथली गंमत बघा. कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. कायदा 1960 चा आणि दंडाची रक्कमही जुन्या काळातलीच. नुसत्या शिक्षेचा प्रश्न असता तर हा माणूस पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून, पन्नास रुपये भरून घरी गेला असता. कबुली दिली की घोडी जाते, हे त्याच्या वकिलानं त्याला नीट समजावलेलं दिसतं. म्हणून तो लढतो आहे, आणि म्हणूनच तीन महिन्यांचा मुद्दा तो सोडणार नाही.

या कोंडीतून वाट असलीच तर ती जप्तीच्या दिवशीच्या वैद्यकीय अहवालात आहे. तुम्ही लिहिता की घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडत होती आणि खोगिराखालची जखम हाडापर्यंत गेली होती. पशुवैद्यकानं हे त्याच दिवशी लिहून दिलं आहे का? ‘कायमचं अपंगत्व’ किंवा ‘कामास निरुपयोगी’ असं काही त्यात आहे का? तसं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325, म्हणजे जनावराला ठार मारणं, अपंग किंवा निकामी करणं, लावण्याची मागणी सरकारी वकिलांमार्फत करता येते. त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे ही तीन महिन्यांची अट नाही. मालकानं स्वतःच्याच घोडीला इजा केली, तर यात दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, हा प्रश्न आरोपीकडून हमखास येणार. त्याचं पक्कं उत्तर आज माझ्याकडे नाही. तरी अहवाल दणकट असेल तर मागणी जरूर करावी. अहवालात नुसतं ‘प्रकृती अशक्त’ असेल तर विसरा.

तुमच्या हातात आज काय आहे? मालकाच्या अर्जाला विरोध करण्याचा अधिकार मुख्यतः संस्थेचा, तुमचा नाही. अंतरिम, म्हणजे खटला संपेपर्यंतच्या, ताब्याबाबत संस्थेची बाजू बरी आहे. गुजरातच्या एका पिंजरापोळाच्या प्रकरणात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, खटला चालू असताना जनावर परत मिळण्याचा मालकाला निरपवाद हक्क नाही. गुन्हा किती गंभीर, पहिलाच की आधीचेही, जनावराची अवस्था काय, पुन्हा छळ होण्याची शक्यता किती, हे दंडाधिकाऱ्यांनी बघायचं. मात्र 2017 चे नियम मूळ कायद्याच्या कलम 29 शी जुळत नाहीत, अशी नाराजी याच न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये व्यक्त केली होती. कलम 29 प्रमाणे मालकी काढायची तर आधी दोषसिद्धी हवी. मालकाचे वकील हे वाचून दाखवणारच.

संस्थेनं तिच्या ताब्याचा न्यायालयीन आदेश दाखवला पाहिजे. तो आहे का, हे आधी विचारा. पोलिसांनी साध्या पोचपावतीवर घोडी सोपवली असेल तर संस्थेच्याही पायाखाली जमीन नाही. आदेश असेल तर संस्थेनं अर्ज करावा की घोडी संस्थेच्या देखरेखीखाली तुमच्या प्लॉटवर ठेवू द्यावी. सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र आणि बंधपत्र जोडावं. तुम्ही घोडी कोर्टाला न विचारता हलवली, हे त्यात उघड लिहा. लपवलंत आणि समोरच्यानं सांगितलं, तर तुमच्या चांगल्या हेतूवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

ओळखीचा पुरावाही तयार करा. जप्ती पंचनाम्यात बहुधा ‘पांढऱ्या रंगाची घोडी, एक नग’ एवढंच असेल. असे पंचनामे मी पाहिले आहेत, त्या वर्णनात पुण्यातल्या निम्म्या वराती बसतील. पशुवैद्यकाकडून कपाळावरचा आणि मानेवरचा भोवरा, पायांवरचे डाग, जखमेचा वण यांची नोंद आणि फोटो करून घ्या. उपचारांची बिलं चिठ्ठ्याचपाट्यांवर असतील तर आत्ताच रीतसर करून मागा. तो खर्च मालकाकडून वसूल होईल, असं आश्वासन मी देणार नाही. नियमांत देखभालीच्या खर्चाची तरतूद आहे, पण मागणी संस्थेमार्फतच करावी लागेल.

मालकाला गाठून पैसे द्यावेत का, हेही तुम्ही हळूच विचारलं आहे. मालक लेखी मालकी सोडू शकतो. तसा दस्त झाला आणि कोर्टापुढे ठेवला, तर तुमचा प्रश्न सर्वांत लवकर सुटतो. त्या पैशातून तो दुसरी घोडी घेऊन पुढच्या लग्नसराईत उभा राहील, तेवढं मनाशी ठरवून मग बोला. बोलणं संस्थेच्या वकिलासमोरच करा. परस्पर रोख दिलेत, तर उद्या साक्षीदार फोडल्याचा आरोप तुमच्यावर येईल.

बाकी प्रश्न किरकोळ. टेम्पोतून रात्री घोडी आणली तेव्हा 1978 च्या वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला सोबत हवा होता. तो नव्हता. ती वेळ गेली, आता पुन्हा हलवू नका, निदान दाखल्याशिवाय आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तर नाहीच. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी केली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. प्लॉटवर पत्र्याचा तबेला बांधण्याबद्दल तुमच्या स्कीमचे नियम आणि मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

उलट आदेश झालाच, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षणासाठी, म्हणजे वरच्या कोर्टाकडून आदेश तपासून घेण्यासाठी, 90 दिवस असतात. त्यांचा भरवसा धरू नका. पोलीस आदेशाची प्रत घेऊन टेम्पोसकट दोन दिवसांत दारात येतील, म्हणून स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी तयार हवा. तो संस्थेच्या सहीनं जाईल, तेव्हा त्यांच्या विश्वस्तांपैकी एक जण तरी त्या दिवशी पुण्यात असेल याची खात्री करा. सुनावणीची तारीख तुमच्या पत्रात नाही. संस्थेकडून सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर आजच बघा.