भूल दिलेल्या रॅटच्या हृदयाचे ठोके पुस्तकापेक्षा इतके कमी का येतात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये वनस्पती-अर्काचा हृदयावरचा परिणाम बघायला केटामाइन-झायलाझिन ही भुलीची जोडी देऊन विस्टार जातीच्या रॅटचा इसीजी काढताय, आणि कंट्रोल गटातही (ज्याला अर्क दिलेला नाही) ठोके मिनिटाला २४०च्या आसपासच येतायत. पुस्तकात ३००च्या पुढचा आकडा आहे, मग मशीन बिघडलंय का?

मशीन बहुधा ठीक आहे. पुस्तकातला आकडा जागत्या जनावराचा असतो आणि या जोडीखाली रॅटचे ठोके २००-३००च्या दरम्यान येणं नेहमीचंच आहे. झायलाझिन मज्जातंतूंवरच्या अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं. त्याने हृदयाकडे जाणारा सिंपथेटिक (ठोके वाढवणाऱ्या नसांचा) जोर ओसरतो, ठोके मंदावणारी व्हेगस नस वरचढ होते. केटामाइन ठोके वाढवायला बघतं, पण दोन्ही एकत्र दिली की झायलाझिनचीच सरशी होते. माउसमध्ये हे आणखी ठळक दिसतं: जागेपणी ५०० ते ७००, या जोडीवर कधी ३००च्याही खाली. ठोके मंदावले की इसीजीवरचा क्यूटी हा कालावधी लांबतो, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केलात तर इजेक्शन फ्रॅक्शनही, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं तो रक्ताचा हिस्साही, उतरलेला दिसेल. निरोगी हृदय आजारी भासावं इतका हा फरक असू शकतो. (डायबेटिक रॅट असतील तर आणखी एक: झायलाझिन इन्सुलिन दाबतं, साखर चढते. भुलीखाली घेतलेल्या रक्ताचं ग्लुकोज जपून वाचा.)

आयसोफ्लुरेनची (हुंगवून द्यायच्या भुलीची) सोय असेल तर इकोसाठी ते बरं. एक-दीड टक्क्यावर ठोके बरेच टिकतात आणि भूल हवी तशी हलकी-गाढ करता येते. पण तेही निरुपद्रवी नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, टक्का वाढवला की हृदयाचं आकुंचन मंदावतं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 'सगळ्या गटांना सारखाच डोस दिला, म्हणजे भुलीचा परिणामही सारखाच' असं आपण धरून चालतो, आणि ते खरं असेलच असं नाही. तुमच्या वनस्पती-अर्काने यकृतातली एन्झाइम वाढवली किंवा दाबली, तर त्या गटात भूल लवकर उतरेल किंवा जास्त रेंगाळेल. प्रयोगासाठी आयसोप्रेनालिन हे औषध देऊन जखमी केलेलं हृदय तोच डोस निरोगी हृदयाइतका सोसणार नाही. मग गटांमधला फरक औषधाचा की भुलीचा, हे सांगणार कसं? म्हणून प्रत्येक जनावराची इंजेक्शनची वेळ लिहा आणि ठरलेल्या मिनिटालाच रेकॉर्डिंग घ्या. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे टेस्ट असं करू नका, गट मिसळून घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर ठोके आणि गुदाशयाचं तापमान नोंदवा.

तापमानाचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा लॅबमधलं टेबलही गारच असतं. भुलीत रॅटची उष्णता राखण्याची यंत्रणा ढिली पडते, आणि शरीर लहान असल्याने अर्ध्या तासात दोन-तीन अंश सहज उतरतात. तेवढ्यानेही ठोके मंदावतात आणि क्यूटी ताणला जातो. प्रोबला जोडलेला हीटिंग पॅड ३७ अंशांवर ठेवा. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाखाली नको, बेशुद्ध जनावर भाजलं तरी हलू शकत नाही.

जागेपणीच मोजलं तर? हातात घट्ट धरलेला रॅट घाबरलेला असतो, त्याचे ठोके भीतीने चढतात. सगळ्यात विश्वासार्ह म्हणजे शरीरात बसवलेली टेलिमेट्री (बिनतारी नोंद पाठवणारं छोटं यंत्र), पण ती महाग आहे आणि शस्त्रक्रियेनंतर सावरायला वेळ द्यावा लागतो. उलट माउसमध्ये डायस्टोलिक फंक्शन (हृदय सैलावून रक्ताने भरण्याची क्रिया) मोजायला थोडी भूल लागतेच, कारण जागेपणीच्या वेगात इकोच्या डॉप्लरवर हृदय भरतानाच्या ई आणि ए या दोन लहरी एकमेकींत मिसळून जातात.

आकडे पुस्तकाशी जुळावेत म्हणून भूल मात्र कमी करू नका. पंजा चिमटल्यावर पाय मागे ओढला तर त्या जिवाला जाणवतंय. थीसिसमध्ये भुलीचं औषध, डोस, वेळ, तापमान आणि ठोके सरळ लिहा आणि तुलना आपल्याच कंट्रोल गटाशी करा. औषध किंवा डोस बदलायचा ठरला, तर पुढच्या रॅटला हात लावण्याआधी गाइडशी बोलून कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची सुधारित मंजुरी घ्या.