वाचकांचे प्रश्न : पाच कोटी पाठवण्याआधी वडिलांचा जन्मदाखला बघा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, पैसे गुंतवून युरोपात राहायचा परवाना (ज्याला गोल्डन व्हिसा म्हणतात) आणि पुढे पासपोर्ट. जमिनीचे भाव वाढलेत, कुणी शिवोलीत प्लॉट विकलाय, कुणाचा मुलगा बोटीवर आहे, आणि पणजीतल्या हॉटेलात दर महिन्याला कुणीतरी सेमिनार घेतोय. म्हणून या वेळी फक्त तेवढाच विषय घेतलाय.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, म्हापशाला राहतो. जमीन विकून हातात साधारण सहा कोटी आलेत. एजंट म्हणतो पोर्तुगालमध्ये ५ लाख युरोचा फ्लॅट घ्या, पाच वर्षांत पूर्ण फॅमिलीला पासपोर्ट, तिकडे राहायचीही गरज नाही. ५० हजार टोकन मागतोय. मी ४१ वर्षांचा, बायको आणि दोन मुलं, आई-वडील आमच्याबरोबरच असतात (वडिलांचा जन्म १९५६ चा, डिचोलीचा). करावं का?

उत्तर : टोकन देऊ नका. हे आधी लिहिते कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तुम्ही दिलेलं असू नये एवढीच इच्छा आहे.

फ्लॅट घेऊन गोल्डन व्हिसा ही गोष्ट पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद केली. २०१२ साली स्कीम सुरू झाली तेव्हा ५ लाख युरोचं घर चालायचं, २०१५ पासून जुनं घर दुरुस्त करून घेतलं तर साडेतीन लाखातही व्हायचं, पण लिस्बनमध्ये तिथल्याच लोकांना घरभाडं परवडेना म्हणून सरकारने घराचा मार्गच काढून टाकला. आता जे उरलंय ते म्हणजे ५ लाख युरो तिकडच्या मान्यताप्राप्त फंडात (ज्यात जमीनजुमला नसतो, निदान ६० टक्के पैसा पोर्तुगालमधल्या कंपन्यांत जावा लागतो), किंवा संशोधनाला ५ लाख, किंवा कला-वारसा जपणाऱ्या कामाला अडीच लाख, जो परत मिळेल असं धरायचंच नाही, किंवा स्वतः धंदा काढून १० माणसांना नोकरी. जो माणूस आजच्या तारखेला फ्लॅट विकतोय त्याला एकतर कायदा माहीत नाही नाहीतर तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहितीये.

'राहायची गरज नाही' हे बऱ्यापैकी खरं आहे, वर्षाला सरासरी ७ दिवस पुरतात. पण 'पाच वर्षांत पासपोर्ट' हे आता विसरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने नागरिकत्वासाठीची ५ वर्षं वाढवून १० करायला मंजुरी दिली, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांना ७, आणि वर्षं मोजायची ती अर्ज टाकल्यापासून नाही तर राहायच्या परवान्याचं कार्ड मिळाल्यापासून. डिसेंबरमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने काही कलमांवर आक्षेप घेतला, पण आपण घरचा हिशेब १० वर्षांचाच धरून करायचा. त्यात कार्ड मिळेपर्यंतचा काळ वेगळा. २०२३ मध्ये परदेशी लोकांचे परवाने बघणारं जुनं खातं मोडून आइमा नावाचं नवीन खातं केलं, त्यांच्याकडे फाइलींचा ढीग पडलाय, बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळायलाच लोक किती वाट बघतायत. शिवाय कार्डाची फी माणशी ६ हजार युरोच्या वर, म्हणजे तुम्ही चौघं धरली तर २४ हजार युरो नुसती फी, वकील वेगळा. आणि शेवटी पोर्तुगीज भाषेची ए-टू लेव्हलची (रोजचं साधं बोलता-वाचता येण्याएवढी) परीक्षा, ती सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही.

आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट. ती तुम्ही कंसात लिहिलीय. वडिलांचा जन्म १९५६ चा, डिचोलीचा.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात, दमणला किंवा दीवला जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक म्हणून नोंद करू देतो, आणि त्या नोंदीवरून त्याच्या मुलांना, मग त्यांच्या मुलांना. यात एक युरो गुंतवावा लागत नाही. आपल्याकडे हिंदू घरांत अजून असा समज आहे की हे सासष्टी-बार्देशच्या ख्रिश्चन लोकांचं काम, आपलं नाही. कायद्यात धर्माचा शब्दही नाही, जन्म कुठे आणि कधी झाला एवढंच बघतात. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, सगळीकडचे लोक यात बसतात. सहा कोटी घेऊन तुम्ही ज्या दाराच्या रांगेत उभे राहताय त्याच्या बाजूचं दार तुमच्या वडिलांच्या नावाने उघडं आहे, हे बघितल्यावर मला राहवलं नाही म्हणून एवढं लांब लिहितेय.

तेव्हा पहिलं काम म्हणजे डिचोलीच्या सिव्हिल रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन वडिलांच्या जन्माची मूळ नोंद काढा. ती पोर्तुगीजमध्ये असेल, हाताने लिहिलेली, शाई तपकिरी झालेली. नाव शोधताना मराठी स्पेलिंग डोक्यात ठेवू नका. शंकर, शांबा, शाणू ही नावं त्या पुस्तकात एक्स अक्षराखाली सापडतील, प्रभूंचं पोरोब झालेलं असेल, शेणवींचं सिनाय, नाईकांच्या शेवटी जास्तीचा ई असेल. तिथे मिळालं नाही तर पणजीला पुराभिलेख खात्यात विचारा. मागच्या चवथीच्या आधी एक बाई माझ्याकडे असाच दाखला घेऊन आल्या होत्या, त्यावर वडिलांच्या नावासमोर आजोबांचं नाव बरोबर होतं पण जन्मतारीख १४ मार्च, आणि शाळेच्या दाखल्यावर, पॅनवर, आधारवर सगळीकडे १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली, आपल्याकडे घरोघरी हीच गोष्ट. अशा तफावती आधी दुरुस्त करायच्या, कोर्टातून किंवा रजिस्ट्रारकडून, आणि त्यालाच वर्ष-दीड वर्ष जातं, लिस्बनला अर्ज नंतर. मग आई-वडिलांच्या लग्नाची नोंद तिकडे करायची, मग तुमचा जन्म. कागदांना अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) लागतं आणि पोर्तुगीज भाषांतर लागतं.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते. हा अर्ज वडिलांचा आहे, तुमचा नाही. वडिलांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे त्यांचं भारतीय नागरिकत्व संपतं, आणि नुसत्या जन्मनोंदणीने काय होतं यावर गोव्यात कोर्टापर्यंत वाद गेलेत. त्यांचं मतदान, त्यांचा पासपोर्ट, सरकारी पेन्शन असेल तर तिचे नियम, हे सगळं त्यांच्यासमोर बसून नीट सांगा, पणजीतल्या चांगल्या वकिलाला दाखवा, आणि ते नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. मुलांच्या भविष्यासाठी म्हणून सत्तर वर्षांच्या माणसाला न सांगता सह्या घेतलेल्या मी बघितल्यात, ते बघवत नाही.

प्रश्न : मी फोंड्याहून लिहितेय. नवऱ्याला पोर्तुगालच्या फंडात पैसे घालायचेत, जागा विकून आलेले. मला म्हणतात तू फक्त सही कर. मला यातलं काही समजत नाही. माझा संबंध येतो का?

उत्तर : ताई, तुमचा अर्धा संबंध येतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. म्हणूनच जागा विकताना तुमची सही लागली होती. जुन्या आयकर कायद्यातल्या कलम ५ए मुळे जागा विकून झालेला फायदाही दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मा-निम्मा दाखवावा लागतो. आता तिकडचं बँक आणि सरकार पैसा कुठून आला हे विचारतं तेव्हा कागद पूर्ण जुळावे लागतात, विक्रीखत, दोघांचं बँक स्टेटमेंट, दोघांचं रिटर्न. नवऱ्याच्या एकट्याच्या रिटर्नमध्ये सगळी रक्कम दाखवली असेल तर फाइल तिथेच अडकेल, सीएला आजच विचारा.

दुसरं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. ५ लाख युरो म्हणजे आजच्या भावाने पाच कोटींच्या वर, ते एकाच्या नावाने एका वर्षात जात नाहीत. म्हणून एजंट सांगतात बायकोच्या नावाने अर्धे पाठवा. तुमच्या मर्यादेपर्यंत पाठवता येतात (अर्धे म्हणजे अडीच लाख युरो, ते अडीच लाख डॉलरच्या वरच जातात), पण मग तिकडची गुंतवणूकही तुमच्या नावाने दिसायला हवी, तुमचे पैसे नवऱ्याच्या परदेशातल्या खात्यात भेट म्हणून टाकून चालत नाही. आणि पोर्तुगालला मुख्य अर्जदाराच्या नावावर पूर्ण रक्कम लागते, ती अर्धी-अर्धी मोजतात की नाही हे तिथल्या वकिलाकडून आधी लेखी घ्या. बरेच लोक एकाच माणसाच्या नावाने ३१ मार्चच्या आधी एक हप्ता, १ एप्रिलनंतर दुसरा, पुढच्या वर्षी तिसरा असं करतात, ते सावकाश होतं पण स्वच्छ होतं.

आणि १० लाखांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर) कापते. पाच कोटींवर तो ९० लाखांच्या घरात जातो. रिटर्न भरल्यावर तो टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत येतो, बुडत नाही, पण तोपर्यंत तेवढी रोकड हातात असायला हवी आणि कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत. तिकडची गुंतवणूक मग दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचीच, विसरलात तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो.

तुम्ही 'फक्त सही' करू नका. समजेपर्यंत विचारा, तुमचेच पैसे आहेत.

प्रश्न : ग्रीसमध्ये अडीच लाख युरोत घर मिळतं आणि ते एअरबीएनबीला देऊन भाडं पण येतं असं ऐकलं. मुलगा जर्मनीत नोकरी करेल. (मडगाव)

उत्तर : अडीच लाखाचा भाव जुना. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सच्या भागात, थेस्सालोनिकी, सँटोरिनी, मायकोनोस आणि मोठ्या बेटांवर ८ लाख, बाकी ठिकाणी ४ लाख, घर एकच आणि १२० चौरस मीटरच्या वर. अडीच लाखात फक्त ऑफिस-कारखान्याचं घरात रूपांतर केलेली किंवा वारसा यादीतली पडकी इमारत दुरुस्त केलेली जागा येते. एअरबीएनबीला द्यायला बंदी आहे, दिलं तर ५० हजार युरो दंड आणि परवाना रद्द. नोकरी करायला ग्रीसमध्येच या परवान्यावर परवानगी नाही, मग जर्मनीत कुठली, जर्मनीत तुम्ही १८० दिवसांत ९० दिवस फिरायला जाऊ शकता एवढंच. आणि नागरिकत्व पाहिजे असेल तर ७ वर्षं खरोखर तिथे राहून ग्रीक भाषेत परीक्षा द्यायची. मुलाला जर्मनीतच जायचं असेल तर त्याने जर्मन शिकून तिकडच्या नोकरीचा व्हिसा काढावा, घराच्या पैशांतला एक टक्काही लागणार नाही.

प्रश्न : माल्टा सरळ पासपोर्ट विकतं ना? स्पेनचं काय?

उत्तर : माल्टाचं संपलं. २९ एप्रिल २०२५ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की पैशाच्या बदल्यात नागरिकत्व देणं युनियनच्या कायद्यात बसत नाही. सायप्रसने २०२० मध्येच बंद केलं होतं. स्पेनचा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला, आयर्लंडचा २०२३ मध्ये. व्हॉट्सॅपवर येणारी ती रंगीत यादी निम्मी जुनी आहे, पुढे पाठवू नका.

प्रश्न : आमचं वाळपईजवळ कुळागर आहे, माड, पोफळी, मिरी, आजोबांनी लावलेलं. मी आणि बायको पोर्तुगीज पासपोर्टच्या मार्गाने जायचं म्हणतोय. तिकडचं नागरिकत्व घेतलं तर कुळागर सरकार घेणार का? ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?

उत्तर : ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नाही, भारत ते देतच नाही. तो परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारा आयुष्यभराचा व्हिसा आहे, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पण मतदान नाही, पंचायतीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी नाही. तिकडचा पासपोर्ट हातात आला की इकडचा लगेच परत करायचा. गोव्यात पुष्कळ लोकांनी दोन्ही ठेवले, मग पासपोर्ट रद्द झाले आणि ओसीआयसाठी लागणारं सरेंडर सर्टिफिकेटच (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) मिळेना, लोक लंडनमध्ये अडकून आईच्या तेराव्याला येऊ शकले नाहीत. २०२४ मध्ये सरकारने रद्द केल्याचं प्रमाणपत्र चालेल असं सांगून थोडी वाट काढून दिली, पण तुम्ही ती वेळ येऊ देऊ नका.

कुळागर कोणी काढून घेणार नाही. भारतीय नागरिक म्हणून इथे राहत असताना तुमच्या नावावर असलेली किंवा इथल्या माणसाकडून वारशाने आलेली शेतजमीन तुम्ही ठेवू शकता. पण नवीन शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येणार नाही, आणि आहे ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणून पत्र वाचताना मला एकच शंका आली, 'आजोबांनी लावलेलं' म्हणजे ते कागदावर अजून आजोबांच्याच नावावर आहे का? तसं असेल तर आधी इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी ठरवायचं कायदेशीर काम) करून घ्या, काका-आत्यांचे हिस्से ठरवा, एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबारा) तुमचं नाव चढवा. दोन भाऊ पोर्तुगीज, एक बहीण भारतीय, आणि जमीन वारलेल्या आजोबांच्या नावावर, अशी प्रकरणं कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहेत आणि कुळागराला पाणी लावायला कोणी नाही.