वाचकांचे प्रश्न: सगळा काळा दगड एकच का?

प्रश्न: सह्याद्रीचा काळा कातळ, हवाईचा लाव्हा आणि आइसलँडचा खडक या तिन्हींना बेसाल्टच म्हणतात. मग त्यांची रासायनिक घडण एकसारखी असायला हवी ना?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर: नाव ठरतं ते फक्त दोन आकड्यांवर. सिलिका वजनाने ४५ ते ५२ टक्के आणि सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडं मिळून ५ टक्क्यांच्या आत, की झाला बेसाल्ट. बाकी घटकांना भरपूर मोकळीक आहे.

किती मोकळीक, ते प्रयोगशाळेच्या फळीवरच दिसतं. यंत्रं तपासण्यासाठी जगभर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रमाणित खडक-पुडी वापरतात. त्यांतल्या तीन घेऊ. बीआयआर-१ ही रेक्याविकजवळची, बीएचव्हीओ-२ ही हवाईच्या किलाउएआवर १९१९ मध्ये हालेमाउमाउ विवरातून उतू गेलेल्या लाव्ह्याची, आणि बीसीआर-२ ही ओरेगन राज्यातली, कोलंबिया नदीच्या खोऱ्यातली. सिलिका अनुक्रमे सुमारे ४८, ५० आणि ५४ टक्के, म्हणजे फार फरक नाही. आता पोटॅशियम ऑक्साइड पाहा: ०.०३, ०.५२ आणि १.७९ टक्के. पहिल्या आणि तिसऱ्या पुडीत साठपट अंतर! बेरियम ७, १३० आणि ६८० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास. (बीसीआर-२ च्या नावात बेसाल्ट असला तरी ५४ टक्के सिलिका म्हणजे काटेकोरपणे तो बेसाल्टी अँडेसाइट. जुनं नाव चिकटून राहिलंय इतकंच.)

म्हणून दोन बेसाल्टांची तुलना सिलिकावर करणं जवळजवळ निरुपयोगी. खरी माहिती थोड्या प्रमाणात असलेल्या घटकांत असते. बेसाल्टचा रस कवचाखालच्या जाड थरात, म्हणजे प्रावरणात, तयार होतो. तिथल्या ऑलिव्हिन-पायरॉक्सिन या खनिजांच्या स्फटिकांत पोटॅशियम, बेरियम, निओबियम यांना जागा मिळत नाही. त्यामुळे खडक वितळायला लागला की हे अणू पहिल्याच थेंबांत उतरतात. चमचाभर चहापूड अर्ध्या कपात उकळा किंवा तीन कपांत, पूड तेवढीच, कडकपणा वेगळा. प्रावरणाचा १० टक्के भाग वितळला तर अशा मूलद्रव्याचं प्रमाण मूळच्या जेमतेम दहापट होतं, १ टक्काच वितळला तर शंभरपटीच्या घरात जातं.

दुसरा मुद्दा खोलीचा. साधारण ८० किलोमीटरच्या खाली प्रावरणात गार्नेट हे खनिज असतं आणि ते यिटर्बियमसारखी जड विरळ मृदा मूलद्रव्यं स्वतःकडे धरून ठेवतं. हवाईखाली भूपट्ट जाड आहे, वर येणारं गरम प्रावरण त्याच्या बुडाशी अडतं आणि वितळणं खोलवरच थांबतं. त्यामुळे तिथल्या लाव्ह्यात लँथेनम या हलक्या विरळ मृदा मूलद्रव्याच्या मानाने यिटर्बियम कमी भरतं. समुद्रतळावर दोन भूपट्ट दूर सरतात तिथल्या सागरी रांगांखाली असं झाकण नसल्याने वितळणं थेट वरपर्यंत चालतं.

रांगांवर सोडियमही बोलतं. क्लाइन आणि लँगम्यूर या भूरसायनशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं की रांग जितकी खोल पाण्यात, तितकं तिथल्या बेसाल्टमध्ये सोडियम जास्त, कारण खालचं प्रावरण थंड आणि वितळणं कमी. आइसलँडच्या बाजूला रांग उथळ आणि सोडियम कमी. कॅरिबियनमधल्या केमन गर्तेत नेमकं उलट. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. शिलारस (वितळलेला खडक) थंड होताना स्फटिक खाली बसतात आणि उरलेल्या रसाचं रसायन सरकत जातं, म्हणून सगळे नमुने आधी ८ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पातळीवर आणून मगच तुलना करतात. हे न करता ५ टक्केवाला नमुना ९ टक्केवाल्याशी ताडला तर काढलेला निष्कर्ष प्रावरणाचा नसतो, शिलारसाच्या कोठीतल्या निवण्याचा असतो.

प्रश्न: हवाईत एकाच बेटावर दोन वेगळ्या जातींचा लाव्हा असतो असं वाचलं. खरं आहे का?
– वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: हो. तिथल्या ज्वालामुखीचं आयुष्य टप्प्याटप्प्याचं असतं. भर जोमात असताना तो थोलिआइट, म्हणजे कमी अल्कलींचा बेसाल्ट, ओततो, किलाउएआ आज तेच करतोय. पुढे भूपट्ट त्याला उष्ण जागेवरून दूर नेतो, वितळणं घटतं आणि अल्कली-समृद्ध (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला) लाव्हा येतो. माउना केआचा माथा असा आहे. ओआहूवर तर दहा लाखांहून जास्त वर्षांच्या खंडानंतर पुन्हा उद्रेक झाले. त्यांतले काही नेफेलिनाइट आहेत, म्हणजे ४५ टक्क्यांहूनही कमी सिलिकाचे, बेसाल्टच्या चौकटीबाहेरचे.

प्रश्न: पश्चिम घाटातल्या काही नमुन्यांचे आकडे आम्ही 'भूपट्टीय परिस्थिती' ओळखण्याच्या तयार आकृतीत टाकले. बिंदू ज्वालामुखी कमानीच्या रकान्यात पडले. दख्खनमध्ये तेव्हा भूपट्ट खाली शिरत होता का?
– एम.एस्सी. विद्यार्थी, पुणे

उत्तर: नाही. आकृतीने फसवलं, आणि ती दख्खनच्या बाबतीत हमखास फसवते.

कमान म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथली ज्वालामुखींची रांग. तिच्यातल्या बेसाल्टची खूण म्हणजे निओबियम आणि टँटॅलम यांची तूट. खाली शिरणाऱ्या भूपट्टातून सुटलेलं पाणी बेरियम, शिसं, स्ट्रॉन्शियम वर नेतं, निओबियम मागेच राहतं. आपल्याकडे याचं जिवंत उदाहरण अंदमानातलं बॅरन बेट. पण खंडीय कवचातही निओबियम मुळातच कमी असतं. निओबियमला लँथेनमने भागलं तर बीआयआर-१ आणि बीएचव्हीओ-२ मध्ये उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर येतं, खंडीय कवचात ०.४ च्या जवळ. शिलारसाने वाटेत कवचाचे जुने खडक पचवले की तोही कमानीच्या बेसाल्टसारखा दिसू लागतो.

तुमचे नमुने बुशे किंवा पोलादपूर शैलसमूहाचे (दख्खनच्या लाव्हा-थरांच्या या गटांचे) असावेत अशी दाट शंका येते. जुन्या कवचात रुबिडियमपासून बनलेलं स्ट्रॉन्शियम-८७ साचलेलं असतं. बुशेमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७२० पर्यंत चढतं, इतकं कवच त्यात मिसळलंय. त्याच्या वर पोलादपूर, त्याच्यावर आंबेनळी, आणि आंबेनळीत हेच गुणोत्तर ०.७०३८ ते ०.७०४४ इतकं खाली येतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना हा सगळा बदल रस्त्याच्या कडेला असतो, पण डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही.

निवाडा असा करा: निओबियम-लँथेनम गुणोत्तर आडव्या अक्षावर, स्ट्रॉन्शियमचं उभ्या अक्षावर घ्या. स्ट्रॉन्शियमचा सुरुवातीचा आकडा काढताना ६.६ कोटी वर्षांत रुबिडियमपासून पडलेली भर वजा करायला विसरू नका. निओबियम घटत जाईल तसं स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर वर चढत असेल, तर ती कवचाची भेसळ. बॅरन बेटावर निओबियमची तूट आहे, तरी स्ट्रॉन्शियम ०.७०४ च्याच आसपास राहतं.

प्रश्न: शेतातल्या विहिरीच्या खोदकामात निघालेला कातळ तपासून घ्यायचा आहे. नमुना कसा द्यावा?
– वाचक, जि. नाशिक

उत्तर: बहुतेक अहवाल यंत्रामुळे बिघडत नाहीत, नमुन्यामुळे बिघडतात. मुरमाकडे झुकलेला, तपकिरी सालीचा तुकडा नको. हातोडा मारल्यावर खणखणीत वाजणारा, आतून करडा-काळा हवा. नाशिककडच्या दगडात पांढऱ्या-हिरवट झिओलाइटच्या गाठी फार. त्यांतून पाणी, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आकड्यांत घुसतं. दगडाचे बोराएवढे तुकडे करून गाठवाले हाताने वेचून फेका, करवतीचे ओरखडे घासून काढा, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. बारीक कणांच्या दगडाला किलोभर पुरे.

दळण अकीकाच्या खलात करून मागा. पोलादी भांड्यातून लोह आणि क्रोमियम मिसळतं. टंगस्टन कार्बाइडचं भांडं तर टंगस्टन, कोबाल्ट आणि वर टँटॅलमही सोडतं, म्हणजे मागच्या उत्तरातली खूणच बिघडली.

अहवाल हाती आल्यावर आधी सगळ्या ऑक्साइडांच्या टक्क्यांची बेरीज पाहा, ९८.५ ते १०१ च्या बाहेर असेल तर परत पाठवा. मग तापवल्यावरची घट. १००० अंशांच्या जवळ तापवताना पाणी उडून वजन घटतं, पण लोहाला ऑक्सिजन लागून वाढतंही: १० टक्के फेरस ऑक्साइड पूर्ण बदललं तर सुमारे १.१ टक्का वाढ. म्हणून ताज्या बेसाल्टमध्ये घट शून्याखाली दाखवली तर ती चूक समजू नका. उलट २ टक्क्यांच्या वर गेली, तर खडक कुजायला लागलाय. मग पोटॅशियम, सोडियम, बेरियम यांवर भरवसा नको, टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम यांवरच काय ते ठरवा. आणि तुमच्या नमुन्याबरोबर त्याच दिवशी बीएचव्हीओ-२ चालवली होती का, तिचे आकडे काय आले, हे लेखी मागून घ्या. तिचं टायटॅनियम ऑक्साइड २.७३ टक्के यायला हवं.